डायलचं कुलूप

१

रामटेकच्या धर्मशाळेचा व्यवस्थापक पहिल्या एस.टी.नं नागपूरला आला, प्रताप नगरात वामनराव वकिलांचं घर शोधत पोचला आणि व्हरांड्यात उभ्या उभ्याच म्हणाला, "साहेब, तुमचा म्हातारा नीट पोचला ना?"

"कोणता म्हातारा?" वामनरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"शालिकराम. काल दिवेलागणीले तुमची जीप नाही का आली त्याले घ्यायले? वकीलसाहेबानं बोलावलं म्हणे. म्हातारा बिचारा काठी घेऊन बसला जीपमधी."

वामनरावांकडे जीप नव्हती. साधी सायकलसुद्धा नव्हती, कोर्टात ते रिक्षानं जात. चहाचा ट्रे घेऊन दारात आलेल्या शामलेनं, त्यांच्या सुनेनं, मामंजींचा चेहरा पाहिला आणि ट्रे तिथंच उंबऱ्याशी ठेवला.

हा शालिकराम कोण ते आधी सांगून टाकलेलं बरं. उमरेडकडे चंद्रभान नावाच्या ठेकेदाराची गिट्टीखाण होती. गेल्या उन्हाळ्यात तिची कड कोसळून तीन मजूर गेले. कडेला भेग पडलेली दिसत होती, तरी ठेकेदारानं दम देऊन माणसं खाली उतरवली. हे डोळ्यांनी पाहिलेला एकच माणूस उरला होता, तो म्हणजे खाणीचा चौकीदार शालिकराम. मजुरांच्या घरच्यांचे वकील वामनराव, आणि परवा कोर्टात त्याची साक्ष होती. कोणी त्याला गाठू नये म्हणून वामनरावांनी त्याला रामटेकच्या यात्रेकरूंत लपवलं होतं आणि ही गोष्ट ते भिंतीजवळसुद्धा बोलत नव्हते.

"एकदाच बोललो मी," वामनराव पुटपुटले. आवाज त्यांचा असा कधी कोणी ऐकला नव्हता. "काल दुपारी, जेवताना. या घरात."

काल पानावर तीन माणसं होती. वामनराव स्वतः, त्यांचा मेहुणा कृष्णकांत आणि मुन्शी गिरिधर. वाढायला पार्वतीबाई आणि शामला. शामलेचा नवरा वसंत तर नोकरीच्या कामानं जबलपूरला गेलेला. जेवणानंतर घरातून कोणी बाहेर पाऊल टाकलं नव्हतं आणि संध्याकाळी जीप रामटेकला हजर. म्हणजे निरोप गेला तो फोनवरून.

मामंजींची नजर फिरत फिरत शामलेच्या कमरेवर येऊन थांबली. काल दिवसभर तिथं किल्ल्यांचा जुडगा होता.

२

कालचा दिवसच मुळी फोनचा होता.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. तोवर त्यांच्या भागातला फोन जुन्या तऱ्हेचा होता. रिसीव्हर उचलला की एक्स्चेंजमधली बाई नंबर विचारायची आणि जोडून द्यायची. त्या बायांना वकिलांचा आवाज पाठ होता, खोकल्याचीही चौकशी करायच्या. काल दुपारपासून ते सगळं बंद झालं. आता ऑटोमॅटिक. आपणच डायल फिरवायची, मध्ये कोणी नाही.

घरात एकाच लाइनीवर दोन फोन होते. खाली ऑफिसच्या खोलीत एक आणि वर कृष्णकांतच्या खोलीत एक. टेलिफोनवाल्यानं सकाळी खालचा जुना डबा नेऊन डायलचा नवा बसवला. वरच्याची पाळी आली तेव्हा त्याची पिशवी रिकामी. "उद्या-परवा येतो," तो म्हणाला. "तोवर वरच्या फोनवर आलेला फोन घेता येईल. लावता नाही येणार, त्याले डायलच नाही."

खरंच, वरच्या फोनच्या तोंडावर डायलच्या जागी नुसती काळी गोल चकती होती.

पार्वतीबाईंनी खालच्या फोनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, नारळ फोडला. चांदीचं तबक काढायला म्हणून किल्ल्यांचा जुडगा शामलेकडे दिला आणि तो दिवेलागणीपर्यंत तिच्याच कमरेला राहिला. मग दुपारभर आळीतल्या बायका डायल बघायला येत राहिल्या. पार्वतीबाई व्हरांड्यात पानदान मांडून बसल्या, आईच्या वेळचा पितळी अडकित्ता घेऊन एकेकीला सुपारी कातरून विडा देत होत्या. घरात अडकित्ता तेवढा एकच.

वामनरावांनी मात्र पूजा आटोपताच डायलच्या भोकात छोटंसं कुलूप घातलं. आता मध्ये बाई नाही म्हणजे कोणीही उठेल आणि फिरवेल, अशी त्यांना धास्ती. "माझ्याशिवाय फोनला कोणी हात लावायचा नाही," ते म्हणाले आणि उगाचच सुनेकडे पाहिलं. कुलपाची किल्ली पार्वतीबाईंच्या जुडग्यात गेली.

कृष्णकांत हसला. "भाऊजी, मुंबईले आमच्या लॉजवाल्यानं बी असंच कुलूप लावलं होतं."

"मग?" शामलेनं विचारलं.

"मग काय! कुलूप त्याच्या जागी राह्यलं, आम्ही आमच्या जागी राह्यलो." आणि मिशीला पीळ देत तो वर झोपायला गेला.

३

"किल्ली कोणापाशी होती?" वामनरावांनी विचारलं. घरच्या माणसाशी बोलतायत की पिंजऱ्यातल्या साक्षीदाराशी, कळेना.

"माझ्यापाशी, मामंजी."

"चंद्रभान कुठला?"

"उमरेडचा."

"तू कुठली?"

शामलाही उमरेडचीच. उमरेड काय दोन घरांचं गाव आहे? पण हे सासऱ्याला सांगणार कसं! तिचे आबा तिथं हातमागाच्या सोसायटीत होते आणि चंद्रभानच्या लग्नाकार्याला जाऊन आलेले होते, हे या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिनंच कौतुकानं सांगितलं होतं.

"भाऊजी, लहान आहे ती," कृष्णकांत मध्ये पडला. "माहेरच्या माणसानं गळ घातली असन. चुकली बिचारी. माफ करा."

ही माफी शिवीपेक्षा वाईट होती. न केलेलं कबूल झाल्यासारखं झालं. शामलेनं सासूकडे पाहिलं. पार्वतीबाई मान खाली घालून पानदानाचं झाकण पुसत होत्या.

"मी फोनला हातबी नाही लावला," ती कशीबशी म्हणाली.

"पोलिसांत वर्दी देतो आणि उमरेडला तार करतो," वामनराव म्हणाले. "उद्या सकाळच्या एस.टी.नं तुझे आबा येतील. त्यांच्यासोबत जा. वसंतला मी समजावीन."

सासरहून परत पाठवलेली मुलगी! आबा गल्लीतून मान वर करून चालतील कसे? धाकटीचं स्थळ आलंय, ते आता फिरकणारही नाही. आणि वसंत बापाचा शब्द मोडील? लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तिला त्याची खात्री देता येईना. त्यात तो म्हातारा कुठं असेल, जिवंत तरी असेल का, हा घोर वेगळाच.

तेवढ्यात फाटक आपटलं.

"सकाळपासून फोन लावून राहिले मी, लागतच नाही! मेले का गा सगळे?" यमुताई आत आल्या आणि सगळ्यांची तोंडं बघून थबकल्या. "काय झालं? कोण गेलं?"

४

यमुताई वामनरावांच्या थोरल्या चुलत बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायच्या. पुण्याला मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या, निवृत्त होऊन नागपूरला परत आल्या. वय सत्तरीकडे झुकलेलं, तरी चोरी, चहाडी आणि खोटं यांचा वास त्यांना दुरून यायचा. आळीत कोणाचं काही हरवलं की पोलिसांआधी त्यांना बोलावणं जाई.

सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "वामन, तू कोर्टात असाच चालतोस का? किल्ली होती म्हणून गुन्हा? तुझ्या खिशात चाकू असला तर तू खुनी?"

"मग फोन दुसरं कोण लावणार, ताई? वरच्याला डायल नाही. खालच्याला कुलूप. किल्ली हिच्याकडे."

"बरं बरं. मले चिवडा द्या आणि एकेकाले पाठवा."

त्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या. शामलेला म्हणाल्या, "तू इथंच थांब. ऐक."

गिरिधर आला. चांगला घाबरला होता. "ताई, मी दुपारभर ऑफिसात फोनच्या समोरच होतो. फक्त एकदा विडा घ्यायले व्हरांड्यात गेलो. साहेब म्हणतात तेवढ्यात वहिनीनं..." तो थांबला.

"फोन आला होता का?"

"आला म्हणजे... आला नाही. घंटी पुरती वाजली नाही. टिणटिण व्हायची, थांबायची, परत टिणटिण. तीन-चार डाव झालं असं. मी आतल्या दारातून वहिनीले म्हटलंबी, का फोन खोकलून राहिला म्हणून."

"उचलला काहून नाही?"

"साहेबानं हात लावू नका म्हटलं ना!"

"धन्य आहे. आणि तेव्हा कुलूप?"

"लागलेलं. माझ्या डोळ्यांसमोर. विड्यासाठी तर मी त्याच्यानंतर उठलो."

कृष्णकांत आला. ऐटीत टेकून उभा राहिला. दुपारी काय करत होता या प्रश्नावर म्हणाला, "झोपलो होतो, ताई."

पार्वतीबाईंनी सांगितलं ते एवढंच, की त्या व्हरांड्यातून हलल्या नाहीत, पन्नासएक विडे लावून हात दुखले. बोलताना त्यांनी शामलेकडे एकदाही पाहिलं नाही.

"आता तू," यमुताई शामलेला म्हणाल्या. "रडू नको वं. गिरिधरनं हाक मारली तेव्हा कुठं होतीस?"

"मागच्या अंगणात. तबक घासत होते."

"काय पाहिलं? काय ऐकलं?"

"काहीच नाही." शामला आठवायला लागली. "वर खोलीत कृष्णकांतमामा सुपारी कातरत होते, खिडकीतून तेवढाच आवाज. कट कट कट. एकसारखा. मग थांबायचा."

यमुताईंचा चिवड्याचा हात तोंडापाशी थांबला. "गिरिधरनं फोनचं सांगितलं त्याच वेळी?"

"हो. त्याच वेळी. मी म्हटलंसुद्धा मनात, खाली फोन खोकलतो, वर मामा सुपारी खातात."

यमुताई उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू पाहून शामलेला धीर आला नाही, उलट भीतीच वाटली. "कृष्णकांत!" त्यांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली. "काल दुपारी वरतून कटकट आवाज कशाचा येत होता गा?"

वरून आवाज आला, "सुपारी कातरत होतो, ताई!"

"झोपेत?" यमुताई हळूच म्हणाल्या.

५

वामनराव चौकीत वर्दी देऊन, तार करून परतले तेव्हा उन्हं उतरली होती. यमुताईंनी सगळ्यांना ऑफिसात बसवलं. डायलचं कुलूप ओढून पाहिलं आणि त्याची किल्ली वामनरावांच्या मुठीत दिली.

"मूठ उघडायची नाही. आणि कोणी फोनले हात लावायचा नाही, मी सांगेन तोवर."

त्या गुडघे धरत एकट्या वर गेल्या. खाली पाच माणसं त्या काळ्या फोनकडे बघत बसली. कालचं कुंकू अजून त्याच्यावर होतं. शामलेनं पदराचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं की बोट पांढरं पडलं. काही झालंच नाही तर? उद्या सकाळी आबा येतील, ट्रंक उचलतील, काही विचारणारही नाहीत.

आणि फोन खोकलला. टिणटिण. थांबला. परत टिणटिणटिण.

"हेच! हेच!" गिरिधर ओरडला.

वरून, मागच्या खिडकीकडून, त्याच ठेक्यात आवाज येत होता. कट कट. कट कट कट. शामला ताडकन उठली. कालचाच आवाज.

मग सगळं शांत झालं आणि यमुताईंची हाक आली, "वामन, उचल आता!"

वामनरावांनी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून यमुताईंची कामवाली विचारत होती, "हॅलो? कोन बोलते? बाई घरी नाहीत!"

वकिलांनी मूठ उघडून पाहिली. किल्ली तिथंच होती.

यमुताई जिना उतरून आल्या, धापा टाकत खुर्चीत बसल्या. "चार डाव चुकलं, पाचव्यांदा लागला. काल ज्यानं लावला त्यालेही तीन-चार डाव लागले. डायल काय करते, वामन? लाइन तोडते, जोडते, तोडते, जोडते. तेच रिसीव्हर ठेवायच्या खुंटीवर बोटानं टकटक केलं तरी होते. आणि एका फोनवरून लावताना त्याच लाइनीवरच्या दुसऱ्याची घंटी टिणटिणते. पुण्याले वसतिगृहात मी फोनले कुलूप लावायची आणि पोरी खुंटी वाजवून खुशाल बोलायच्या. सापडायले मले पावसाळा गेला."

"म्हणजे वरच्या फोनवरून..."

"बिनडायलच्या. ज्याच्याकडे तुम्ही कोणी पाहिलंच नाही. आणि कालचाच दिवस काहून निवडला? जुन्या एक्स्चेंजात चंद्रभानच्या इथल्या ऑफिसचा नंबर मागितला असता तर तुझ्या वळखीच्या बायाईनं कान टवकारले असते. काल पहिल्यांदा मध्ये कोणी नव्हतं."

सगळ्यांनी कृष्णकांतकडे पाहिलं. तो हसायचा प्रयत्न करत होता. "ताई, वर कोणीही जाऊ शकते. ही शामलाच गेली असन. मी तर सुपारी..."

"मुंबईच्या लॉजवर कुलूप त्याच्या जागी राह्यलं होतं ना?" यमुताई म्हणाल्या. "मग फोन कसे करत होता?"

"ते सोडा! मी सुपारी कातरत होतो, शामलेनंच ऐकलं ना!"

मग पानदान वाजलं. पार्वतीबाईंनी त्यातून पितळी अडकित्ता काढला आणि मांडीवर धरला.

"किसन," त्या म्हणाल्या, "अडकित्ता दिवसभर माझ्यापाशी होता रे."

६

कृष्णकांत पाठचा भाऊ. आई गेल्यावर पार्वतीबाईंनीच त्याला वाढवलं. सकाळी कटकटीची गोष्ट स्वयंपाकघरातून त्यांच्या कानावर आली होती, तेव्हाच त्यांना सगळं उमगलं होतं. त्यानंतर दिवसभर त्या गप्प होत्या त्या त्यामुळे. एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला परक्याची लेक. शेवटी त्या बोलल्या, पण बोलल्यावर पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या.

बहिणीपुढं कृष्णकांतचं अवसान गळालं. चंद्रभाननं त्याला ट्रकच्या कामात भागीदारी देतो म्हटलं होतं. "म्हाताऱ्याले मारणार नाही म्हणाला, अक्का. तुही शपथ. फक्त साक्षीपर्यंत ठेवतो म्हणाला."

"कुठं?" वामनराव गरजले.

"काटोल रोडले. त्याच्या संत्र्याच्या बागेत, मोटारपंपाच्या खोलीत."

वामनरावांनी स्वतः कुलूप काढलं, पोलिसांना फोन लावला. नव्या डायलवर दोनदा चुकीचा लागला. कृष्णकांतला गिरिधरनं आणि शेजाऱ्यांनी व्हरांड्यात बसवून ठेवलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. ते सगळ्यात वाईट. शामला निर्दोष ठरली होती, पण तिला हलकं काही वाटेना. तो म्हातारा सापडला नाही तर? भलतंच काही झालं असेल तर? तुळशीपाशी दिवा लावताना तिच्या हातून दोन काड्या विझल्या.

घंटी वाजली. या वेळी खोकला नव्हता, खणखणीत पुरती घंटी. वामनराव फोनसमोर उभे होते, पण त्यांचा हात पुढं होईना.

"ताई, तू उचल," ते म्हणाले.

"मी कशाले? ज्या पोरीवर आळ घेतला तिले उचलू दे," यमुताई म्हणाल्या.

शामला पुढं झाली. या घरात पहिल्यांदाच तिनं रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे कोणी हवालदार काहीतरी सांगत होता, त्याला बाजूला सारून एक म्हातारा आवाज एवढ्या जोरानं ओरडला की खोलीत सगळ्यांना ऐकू आला.

"वकीलसाहेब! माही काठी त्याइच्या जीपमधी राह्यली गा! परवा कोर्टात मी कायच्या भरोशावर उभा राहू?"

शामला हसली आणि हसता हसता रडायला लागली. "आजोबा, मी देते तुम्हाला काठी," ती म्हणाली. "तुम्ही फक्त या."

गिरिधरनं देवासमोर साखर ठेवली. पार्वतीबाईंनी जवळ येऊन सुनेच्या पाठीवर हात ठेवला, तिनं तो राहू दिला. वामनराव चष्मा पुसत खाकरले.

"शामला, तुझ्या आबांना दुसरी तार करतो. येऊ नका म्हणून."

"येऊ द्या, मामंजी."

"आता कशाला?"

"मी जाणार आहे त्यांच्यासोबत." तिचा आवाज स्थिर होता, तिचं तिलाच नवल वाटलं. "पाठवलं म्हणून नाही, माझ्या मनानं. चार दिवस राहीन आणि काय काय झालं ते आबांना सगळं सांगेन. तुम्ही काय बोललात तेही."

वामनरावांनी मान खाली घातली. त्यांच्यापुढं टेबलावर ते छोटं कुलूप उघडं पडलं होतं.

"आणि मी परत येईन तेव्हा," शामला म्हणाली, "हे या घरात दिसायला नको."